आईनं कापलेले मार्क

आमच्या शाळेत बाकं कमी होती आणि ती मार्कांवर वाटली जायची. आज कुणाला सांगितलं तर लोक हसतात, पण तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चौथीच्या वर्गात बारा बाकं होती. एका बाकावर दोघं, म्हणजे चोवीस जणांची सोय. पट एकेचाळीसचा. उरलेल्या सतरा जणांनी खाली बसकरपट्टीवर बसायचं. दर महिन्याला चाचणी व्हायची, व्हरांड्यात नंबरांचा तक्ता लागायचा, आणि सोमवारी प्रार्थना झाली की सगळ्यांनी दप्तरं उचलून नव्या जागी जायचं. कोण वर चढलं आणि कोण खाली आलं ते सगळ्या वर्गाला एका नजरेत दिसायचं. आमच्या मोठ्या सिस्टरांना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, ही पद्धत फार आवडायची. मुलं आपोआप अभ्यास करतात, असं त्या पालकांना सांगायच्या.

शाळा ख्रिस्ती संस्थेची, मराठी माध्यमाची, जुन्नर तालुक्यातली. पहिली ते चौथीच्या चार खोल्या एका ओळीत, वर कौलं, पुढे लांब व्हरांडा. टोकाची पाचवी खोली मोठी होती. तिथे आठवडाभर प्रार्थना आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना व्हायची. मागे बोर्डिंग. डोंगराकडच्या वाड्यांवरची आणि आणे पठारावरची मुलं तिथे राहायची. डिंगोरे आणि आजूबाजूच्या गावांतली मुलं एसटीनं नाहीतर चालत यायची. पुस्तकांचं एक कपाट होतं, ते शनिवारी अर्धा तास उघडायचं. शाळा गरीब होती पण टापटीप होती. तालुक्यात तिचं नाव होतं. ख्रिस्ती मुलं वर्गात माझ्यासकट दोन-चारच, बाकी सगळी शेतकऱ्यांची. सकाळी प्रभूची प्रार्थना मात्र सगळेच तोंडपाठ म्हणायचे.

माझी आई या शाळेत चौथीला शिकवायची. गणित, मराठी, परिसर, सगळे विषय तीच. घरातून निघताना ती आई असायची आणि फाटकातून आत गेलं की बाई. हा नियम तिनं मला पहिलीत असतानाच घालून दिला होता. शाळेत तिला अहो-जाहो करायचं, तिच्या डब्यात हात घालायचा नाही, मधल्या सुट्टीत तिच्या आसपास घुटमळायचं नाही. चौथीत मी तिच्याच वर्गात गेले तेव्हा मला कोण आनंद झाला होता. दिवसभर आई डोळ्यांसमोर राहणार, एवढंच मला कळत होतं.

जूनच्या चाचणीत माझा पहिला नंबर आला. जुलैच्या चाचणीतही आला. त्यानंतर एक दिवस दुसऱ्या नंबरच्या मुलीचे वडील मोटारसायकलवरून शाळेत आले. मोठे बागायतदार होते, बोलायला मोकळे. व्हरांड्यातल्या तक्त्यासमोर उभं राहून ते मोठ्यानं म्हणाले, "शिकवणार बाई, पेपर काढणार बाई, तपासणार बी बाईच. आन् पयला नंबर बाईंच्या पोरीचा. लई भारी हाय राव." ते रागानं नाही, हसत हसत म्हणाले. पण तिथे शिपाई होता, तिसरीच्या बाई होत्या, आणि ऑफिसच्या दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या.

सिस्टरांनी आईला ऑफिसात बोलावलं. त्या दक्षिणेकडच्या, पुस्तकातलं मराठी बोलायच्या. आईनं नंतर घरी सांगितलं त्याप्रमाणे त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, आपण इथे थोडे लोक आहोत. आपल्या शाळेकडे बोट दाखवायला कोणाला जागा राहता कामा नये." त्या आईला रागावल्या नाहीत, आणि काय करा तेही त्यांनी सांगितलं नाही. ते आईनं स्वतःच ठरवलं.

वडील नारायणगावला मोटार वायंडिंगच्या दुकानात कामाला होते. त्यांना हे कळलं तेव्हा जेवता जेवता ते म्हणाले, "यात काय अवघड हाय? हिचे पेपर तिसरीच्या बाईंला तपासाय दे. तूच सुटशील त्यातनं."

"म्हंजी माज्यावर संशय हाय असं मीच कबूल करायचं व्हय?" आई म्हणाली. "न्हाई द्यायची मी पेपर कुनाला. माझ्या वर्गाचे पेपर मीच तपासनार."

ऑगस्टच्या चाचणीत माझा तिसरा नंबर आला, सप्टेंबरात पाचवा. मी पहिल्या बाकावरून तिसऱ्या बाकावर गेले. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. मी पहाटे उठून पाढे म्हणायला लागले. शुद्धलेखनाच्या दोन वह्या संपवल्या. आई हे सगळं बघत होती. तिनं मला एकदाही सांगितलं नाही की, पोरी, तू काही चुकत नाहीयेस. याचा राग माझ्या मनातून आजही जात नाही. मार्क कापले ते एक वेळ ठीक. पण स्वतःच्या मुलीला दोन महिने स्वतःबद्दल शंका घेऊ दिली, तेही आपण बघत असताना, हे मला पटवून घेता येत नाही.

चौथीला सहामाही परीक्षेचं महत्त्व वेगळं होतं. चौथीच्या मुलांसाठी सरकारी स्कॉलरशिपची परीक्षा असायची. जुन्नरला केंद्रावर जाऊन द्यावी लागायची. आमची शाळा सगळ्यांचे फॉर्म भरत नसे. सहामाहीत पहिले आठ येतील त्यांचेच फॉर्म. त्या आठांना दिवाळीनंतर रोज शाळा सुटल्यावर एक जादा तास, वेगळी पुस्तकं आणि परीक्षेच्या दिवशी सिस्टरांबरोबर जीपमधून जुन्नर. मला ती परीक्षा द्यायचीच होती. बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक मी वर्षभर आधी तिसरीतच कुणाकडून तरी आणून सोडवलं होतं. त्यातली कोडी मला गोळ्या-बिस्किटांपेक्षा आवडायची. वर्गात माझ्याइतकं ते कुणालाच येत नव्हतं, आणि आईला हे माझ्याइतकंच माहीत होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि व्हरांड्यात तक्ता लागला. मी नववी होते. आठव्या मुलीला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त.

त्या दिवशी मी रडले नाही. मला तो तक्ताच खरा वाटेना. मी तो वरून खाली आणि खालून वर वाचला. तिसरीच्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेल्या. त्यांना माहीत होतं, हे मला फार पुढे कळलं.

शाळेत एक चांगली पद्धत होती. सहामाहीचे पेपर एका दिवसासाठी घरी मिळायचे, पालकांची सही घ्यायची आणि परत द्यायचे. माझ्या पेपरवर वडिलांनी सही करायची होती. त्यांनी गणिताचा पेपर चाळला आणि एका उदाहरणापाशी थांबले. छत्तीस वाफे, एका वाफ्यात पंचवीस रोपं, तर एकूण रोपं किती. मी नऊशे लिहिलं होतं. त्यावर लाल शाईची फुली आणि पाचपैकी शून्य.

"हे तर बरोबर हाय की," वडील म्हणाले.

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "सही करा," म्हणाली.

"अगं पन बरोबर हाय."

"कच्चं काम उजव्या समासात केलं न्हाई तिनं. शाळेचा नियम हाय. सही करा तुमी."

नियम होता हे खरं. पानाच्या उजवीकडे रेघ मारून समास आखायचा आणि गुणाकार-भागाकार तिथे करायचे. मी गुणाकार उत्तराच्या खाली केला होता. पण या चुकीला अर्धा मार्क जायचा, पाच नाही. माझ्या शेजारच्या मुलीनं तर समासच आखला नव्हता आणि तिला साडेचार होते. वडिलांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. ते चांगले होते, पण भांडण दिसलं की सही करून मोकळे व्हायचे.

दुसऱ्या दिवशी तो पेपर मी वर्गात परत दिला नाही. मधल्या सुट्टीत सरळ मोठ्या सिस्टरांच्या ऑफिसात नेला. नऊ वर्षांच्या मुलीनं असं करणं म्हणजे आमच्या शाळेत धाडसच होतं. सिस्टरांनी चष्मा लावून उदाहरण वाचलं, ओठ हलवत गुणाकार केला, आणि पेपर घेऊन माझ्याबरोबर वर्गात आल्या. सुट्टी संपून सगळी मुलं आत आली होती. आई फळ्याजवळ उभी होती.

"बाई," सिस्टर म्हणाल्या, "हिचं म्हणणं आहे की हे उत्तर बरोबर आहे. आपण एकदा पाहता का?"

आईनं पेपर हातात घेतला. तिला पाहायची गरज नव्हती, तरी तिनं बराच वेळ पाहिलं. मला आठवतंय, त्या क्षणी मला तिच्याबद्दल जराही शंका नव्हती. इतक्या सगळ्यांसमोर आई खोटं बोलणार नाही, अशी माझी पक्की खात्री होती. रोज सकाळी तीच आम्हाला सांगायची की देवाला खोटं चालत नाही.

"चूक आहे, सिस्टर," आई म्हणाली. "पद्धत चुकली आहे. पद्धतीला मार्क असतात."

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्यांना हेच ऐकायचं होतं, असं मला आज वाटतं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिक्षकांवर शंका घेणं योग्य नाही. बाईंची क्षमा माग."

मी आईसमोर उभी राहिले. बाकीची चाळीस मुलं बघत होती. मी म्हणाले, "बाई, माझं चुकलं. पुन्हा असं करणार नाही." आई म्हणाली, "बस जागेवर." मी पाचव्या बाकावर जाऊन बसले आणि तिनं फळ्यावर तारीख लिहायला घेतली.

त्या संध्याकाळी घरी पहिल्यांदा मोठं भांडण झालं. वडिलांचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता. मी तिथेच बसले होते, मला कुणी बाहेर जायला सांगितलं नाही. तेव्हा सगळं बाहेर पडलं. आईनं प्रत्येक पेपरात माझे पाच-पाच मार्क कापले होते. हिशेब असा होता की मी चौथी-पाचवी येईन, म्हणजे लोकांचं तोंडही बंद राहील आणि फॉर्मही भरला जाईल. पण तिची बेरीज फक्त पेपरांची होती आणि शिस्तीचे मार्क सिस्टरांच्या हातात. वीसपैकी ते मार्क शेवटी ऑफिसात मिळवायचे. नखं, गणवेश, प्रार्थनेची हजेरी आणि वागणूक. मी उलट प्रश्न विचारते म्हणून सिस्टरांनी मला आठ दिले होते. त्यात त्या वर्षी पोरांनी अभ्यासही बरा केला होता. आईचा अंदाज चुकला आणि तक्ता लागून गेला.

"मग सांग की जाऊन सिस्टरांला," वडील म्हणाले. "म्हनावं, माजी चूक झाली."

"काय सांगू? सोताच्या पोरीचे मार्क कमी-जास्त करती म्हनून? आज कमी केले म्हनल्यावर उद्या म्हनतील, पयल्यांदा वाढवले असतील. जूनचा नंबर बी खोटाच म्हनतील."

खरं म्हणजे तिचं म्हणणं चूक नव्हतं. लोक तसंच म्हणाले असते. आम्ही गावात थोडे होतो, आणि थोड्या लोकांना आपण चांगले आहोत हे रोज नव्यानं दाखवावं लागतं. हे मला आज समजतं. पण ते दाखवायला तिनं मला वापरलं.

दिवाळीनंतर जादा तास सुरू झाला. तो घ्यायला चौथीच्याच बाई, म्हणजे आई. आम्ही घरी एकत्रच जायचो, वाट दोन मैलांची आणि मधे ओढा, त्यामुळे मला एकटीला सोडायची सोय नव्हती. शाळा सुटली की ते आठ जण बाकांवर बसायचे, आई आत शिकवायची, आणि मी व्हरांड्यात खिडकीखाली दप्तरावर बसून तिची वाट बघायचे. तिच्या शिकवण्याबद्दल मला वाईट बोलता येणार नाही. ती फार छान शिकवायची. एखादी गोष्ट चार वेळा विचारली तरी चारही वेळा नव्यानं सांगायची. मी खिडकीखाली बसून सगळं ऐकायचे, जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर सोडवायचे. त्या आठांच्या आधी माझं उत्तर यायचं.

एकदा तिनं संख्यांची मालिका घातली. दोन, सहा, बारा, वीस, पुढे काय? आत कुणालाच येईना. तिनं पुन्हा विचारलं. मग अजून एकदा, थोडी खूण देऊन. कुणी चोवीस म्हणालं, कुणी अठ्ठावीस. मला राहवलं नाही. मी उठून खिडकीतून म्हणाले, "तीस."

आतली मुलं वळून बघायला लागली. आई खडू हातात घेऊन खिडकीपाशी आली. मला वाटलं, शाबास म्हणेल, निदान हसेल. तिनं माझ्याकडे न बघता खिडकीची दोन्ही दारं ओढली आणि आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवसापासून मला बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात बसायला सांगितलं. तिथल्या मावशी मायाळू होत्या. त्या मला तांदूळ निवडायला द्यायच्या आणि गुळाचा खडा हातावर ठेवायच्या. परीक्षा होईपर्यंत मी रोज तांदूळ निवडले.

परीक्षेला आठ जण जीपमधून गेले. स्कॉलरशिप त्यांतल्या एकालाही मिळाली नाही. आई दोन दिवस जेवली नाही. तिचं दुःख खरं होतं, तिनं त्यांच्यावर मेहनत घेतली होती. मला मात्र त्या निकालाचा आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही, म्हणून तिनं मला पहिल्यांदा मारलं.

मला स्कॉलरशिप मिळाली असती तर मी कलेक्टर झाले असते, असं माझं म्हणणं नाही. पाचवीपासून मी जुन्नरच्या शाळेत गेले, तिथे माझे पेपर परके लोक तपासायचे आणि माझा नंबर वरचाच यायचा. पुढे शिकले, पुण्यात नोकरीला लागले. सगळं ठीक झालं. फक्त एक गोष्ट राहिली. कुणी माझं कौतुक केलं की मी लगेच त्यात काय कमी आहे ते शोधते आणि समोरच्याच्या आधी मीच बोलून टाकते. ऑफिसात याला लोक नम्रपणा म्हणतात.

आई दोन हजार सालानंतर काही वर्षांनी निवृत्त झाली. तोवर शाळा बदलली होती. स्लॅबची इमारत, सगळ्यांना बाकं, मोठ्या सिस्टर कधीच दुसरीकडे बदलून गेलेल्या. नंबर काढायची पद्धतही बंद पडत आली होती. निरोपाचा कार्यक्रम मोठा केला. गावोगावचे जुने विद्यार्थी आले. मी रजा काढून गेले. वडील पहिल्या रांगेत नवा सदरा घालून बसले होते.

तिसरीच्या बाई भाषणाला उठल्या. त्या आईच्या आधी निवृत्त झालेल्या, थकल्या होत्या, पण आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "या बाईंचा निःपक्षपातीपणा काय सांगू तुम्हाला? सख्ख्या मुलीचे मार्क कापले यांनी. बरोबर उत्तराला शून्य दिलं. मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म गेला, पण शाळेच्या नावाला डाग लागू दिला नाही. आम्ही सगळ्या शिक्षकांनी हे डोळ्यांनी पाहिलंय."

टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजल्या. माझ्या शेजारची अनोळखी बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी का त्यांची मुलगी? लई भाग्यवान हात." मी मान हलवली. व्यासपीठावर आई खाली मान घालून बसली होती, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. एवढ्या वर्षांत मी तिला इतकं सुखी बघितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, हे माझ्या डोक्यात फिरत राहिलं. तक्त्यासमोर उभ्या नऊ वर्षांच्या मला सोडून शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना ते चांगलं वाटलं होतं.

घरी आल्यावर वडील लवकर आडवे झाले. आई हारांतली फुलं सोडवून परडीत टाकत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. भांडायचं नाही असं ठरवलं होतं. मी एवढंच विचारलं, "एक सांग. त्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या मुलीचे मार्क असे कापले असतेस का तू?"

तिला प्रश्न विचित्र वाटला. ती हसली.

"दुसऱ्याच्या पोरीचे? येडी का काय तू. तिची आई आली नसती का शाळेत भांडायला?"

"आणि माझी?" मी म्हणाले.

तिच्या हातातलं फूल हातातच राहिलं. या वेळी तिच्याकडे सांगायला कुठलाच नियम नव्हता.